दहाव्याला नेलेला स्केटबोर्ड

बसा, चहा येऊन राहिला आहे. तोवर सांगतो. पण एक शर्त आहे, मधात कोणी हसायचं नाही. कारण किस्सा मयताचा आहे अन् मयताच्या किस्स्याला हसलं तर पाप लागते, असं आमची आत्या म्हणते. आता माझी करामत अशी की ज्या दिवशी सगळ्या खानदानानं चुपचाप रडायचं होतं, त्या दिवशी मी असं काही करून बसलो की घाटावरचे नावाडी अजूनही मला पाहिलं की हात जोडतात. मी म्हणतो, भैया, जोडू नका. ते अजून वाकून जोडतात.

माझं नाव मोनू. राहतो गोरखपुरात. जबलपूरचं गोरखपूर, यूपीवालं नाही, हे मला दरवेळी सांगावं लागते. दहावीत एकदा गचकलो आहे, परत बसायचं आहे, त्यावर चर्चा नको. मोहल्ल्यात कोणाची घंटी वाजली अन् दाराशी कोणी नसलं तर तक्रार आमच्या घरी येते. मी गावात नसलो तरी येते. एवढं नाव कमावून ठेवलं आहे.

तर स्केटबोर्ड. सदरमध्ये, मतलब छावणीत, माझा एक दोस्त होता, फौजीचा पोरगा. त्याच्या वडिलांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढून राहिलं होतं अन् त्याची मम्मी म्हणाली, एवढा कबाड नेणार नाही. त्यानं स्केटबोर्ड माझ्या हातात दिला अन् ट्रकच्या मागं-मागं जीपमध्ये बसून गेला. एक चाक किरकिर करायचं. दोस्त गेला, किरकिर माझ्याकडं राहिली.

घरी आणला. आजोबांनी पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जेवायला बसायच्या पाटाला चाकं कोणी लावली बे?"

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. बाबा, काका अन् आत्या त्यांना नाना म्हणत. ते नोकरीला लागले तेव्हा नागपूर अन् जबलपूर एकाच राज्यात होते. मग नवीन राज्यं झाली, नागपूर तिकडं गेलं, आजोबा इकडंच राहिले. कोणी विचारलं की तुम्ही काहून नाही गेले, तर म्हणायचे, राज्य निघालं तेव्हा मी ड्यूटीवर होतो. आता त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. संध्याकाळी बाबा त्यांना धरून दाराशी आणत, लोखंडी खुर्चीवर बसवत, हातात काठी अन् चहा देत अन् आत निघून जात. बाबा तसे कमी बोलतात. मग गल्लीत आम्ही दोघंच. मी अन् आजोबा.

आता तुम्ही म्हणाल, चार चाकं आहेत, पाय ठेवायचा अन् जायचं, त्यात शिकायचं काय? ठेवून पाहा पाय. एकदाच पाहा. मोबाईलवर पोट्टे हवेत गिरक्या घेतात, अन् मला तो जमिनीवर उभा राहू देत नव्हता. पाय ठेवला की पाट पुढं पळतो. तुम्ही जिथले तिथं, फक्त आडवे. पुढं झुकलं तर तोंडावर, मागं झुकलं तर ढुंगणावर. ब्रेक नाही, हँडल नाही, घंटी नाही. वरून तो पॉलिश पेपरासारखा खरखरीत असतो, म्हणून पडताना पोटरीचं सालटं घेऊनच सोडतो.

पहिले काही दिवस मी आजोबांच्या खुर्चीची पाठ धरून नुसता उभा राहायचो. मग एक पाय वर, एका पायानं ढकलायचं. ढकललं की दुसरा पाय वर घ्यायचा. हे 'की' आहे ना, ते माझ्याच्यानं होत नव्हतं. ढकलायचो मस्त. दुसरा पाय वर घेताना जणू कोणी मागून कॉलर धरून ओढायचं.

आजोबा काठीनं शिकवत. काठी टेकून, काठी उगारून, काठीनं रस्त्यावर रेघ मारून. "गुडघे वाकव," म्हणायचे. "माझे वाकत नाहीत, तुझे तर वाकतात ना."

आमच्या दारापासून विजेच्या खांबापर्यंत गल्ली थोडी उतरती आहे. आजोबांनी शर्त ठेवली, एकदा, फक्त एकदा, न पडता खांबापर्यंत जाऊन दाखव. मी रोज उठून कपडे झटकायचो अन् म्हणायचो, उद्या नक्की. अन् आजोबा रोज काठी टेकत म्हणायचे, "बरं, उद्यापर्यंत थांबतो."

एक दिवस नाही थांबले.

सकाळी चहा घेऊन मीच गेलो होतो. हाक मारली, हलवलं. हात गार होता. मी बाबांना जाऊन म्हटलं की आजोबा उठून नाही राहिले. बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "सकाळी-सकाळी चालू झालास का?" अन् दाढी करत राहिले. त्यांचं तरी काय चुकलं? मागच्या होळीला मीच पळत येऊन सांगितलं होतं की गच्चीवरून काका पडले, अन् काका तेव्हा नागपुरात आपल्या घरी झोपले होते. मी परत सांगितलं. मग मला रडू फुटलं, तेव्हा त्यांनी वस्तरा ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता, लोक येऊ लागले तोवर तसाच होता.

असो. चहा घ्या, निवून राहिला आहे.

मग सुतक. काका नागपूरहून आले, आत्या अमरावतीहून आली. घर माणसांनी भरलं अन् आवाज कुठंच नव्हता. टीव्ही बंद, तळण बंद, हसणं बंद. बाबा अन् काका एका खोलीत बसायचे अन् एकमेकांशी आत्यामार्फत बोलायचे, कारण आजी गेली तेव्हापासून त्यांचं वाजलेलं होतं. खुर्ची कोणीतरी आत आणून भिंतीकडं तोंड करून ठेवली. स्केटबोर्ड मी पलंगाखाली सरकवला. संध्याकाळ झाली की माझे पाय आपोआप गल्लीकडं जायचे. दारापर्यंत जायचो अन् काही काम आठवल्यासारखा वापस यायचो.

आता खरी गडबड ऐका. आपल्यात दहाव्याला कसं असते, माहीत आहे ना? नदीकाठी भाताचा पिंड ठेवायचा अन् कावळ्याची वाट पाहायची. कावळा शिवला तर गेलेलं माणूस सुखानं गेलं. नाही शिवला तर त्याचं मन कशात तरी अटकलं आहे. मग घरच्यांनी एकेक करून अंदाज घ्यायचा, हात जोडून कबूल करायचं की तुमची ही इच्छा आम्ही पुरी करू. बरोबर बोललं की कावळा येतो म्हणतात. अन् काही केल्या आलाच नाही तर गुरुजी दर्भाचा, मतलब गवताचा, कावळा करतात अन् तो पिंडाला लावून मोकळे होतात.

आदल्या दिवशी आत्या हेच सांगून राहिली होती. तिच्या सासरी कोणाचातरी कावळा दिवस कलला तरी आला नाही. शेवटी समजलं की म्हाताऱ्याला कुलूप लावलेली पेटी उघडून पाहायची होती. पेटी घाटावर आणली, उघडली, कावळा हजर. आत्या म्हणाली, आमच्या नानांचं असं काही राहिलं नाही, ते तृप्त होते. पण कमीजास्त झालं, तर गवताचा कावळा मी चालू देणार नाही. माझ्या बापाला गवत लावून पाठवायचं नाही.

सगळ्यांनी माना हलवल्या. मी मात्र नाही हलवली. नानांचं काय राहिलं होतं, हे साऱ्या घरात मला एकट्याला माहीत होतं.

खांब राहिला होता.

सांगणार कोणाला? बाबांना जाऊन म्हणू, की आजोबांचा आत्मा माझ्या स्केटबोर्डात अटकला आहे? मी खरं सांगितलं तर वस्तरा खाली ठेवत नाहीत, हे तर पाहिलंच होतं. म्हणून सकाळी मी तो पलंगाखालून काढला, आजोबांच्या जुन्या टॉवेलात गुंडाळला अन् पातेल्यांच्या, पत्रावळींच्या सामानात घुसवला. बाबा, काका, आत्या अन् गुरुजी टॅक्सीनं पुढं गेले. सामान घेऊन मी ऑटोत.

वाटेत एका खड्ड्यात टॉवेल सुटला. ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं.

"क्यों भैया, ये दान में देना है क्या? दादाजी का था?"

आता पाहा, इथं मी सरळ 'नाही' म्हटलं असतं तर आज हा चहा मी सुखानं पीत असतो. पण जीभ माझी, सवय माझी. मी म्हटलं, हाँ.

"दादाजी चलाते थे?"

"रोज शाम को."

त्यानं ऑटो हळू केला. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला की मलाच भरून आलं. उरलेला रस्ता त्यानं एकही खड्डा जोरात घेतला नाही.

घाटावर आधी मुंडन. इकडच्या चालीनं घरातल्या सगळ्या मर्दांचं करतात, म्हणून बाबा, काका अन् मी, तिघंही गुळगुळीत. नर्मदेत डुबकी मारली, हाफ पँटवर ओला पंचा गुंडाळला, अनवाणी उभे राहिलो. एप्रिलचं ऊन टाळूवर थेट पडते तेव्हा केसांची किंमत समजते. गुरुजींनी मंत्र म्हणून पिंड तयार केला. भात, तीळ, दही, तूप. पत्रावळीवर ठेवला, काठावरच्या सिमेंटच्या ओट्यावर मांडला, अन् आम्ही मागं सरकून उभे राहिलो.

कावळा होता बरं का. देवळाच्या कळसावर बसला होता. पाहूनही राहिला होता. येऊन नव्हता राहिला.

बाबा पुढं झाले. हात जोडून म्हणाले, नाना, घराच्या गळक्या छताचं काम यंदा करून घेतो. कावळ्यानं पंख साफ केला.

काकांनी घसा खाकरला. म्हणाले, नाना, मी दादाशी बोलत जाईन. आम्ही सगळ्यांनी कळसाकडं पाहिलं. काही नाही. पण आता तोंडातून निघून गेलं होतं, म्हणून काका बाबांना म्हणाले, ऊन फार आहे. बाबा म्हणाले, हो. इतक्या वर्षांनंतरचं बोलणं ते एवढंच, अन् कावळ्याला त्याचं काहीच नव्हतं.

मग आत्या. आजोबांना साखर होती म्हणून खोव्याची जिलेबी बंद केली होती, अन् ती आत्यानंच बंद केली होती. तिनं डब्यातून आणलेली जिलेबी पिंडाशेजारी ठेवली अन् रडत म्हणाली, खा नाना, आता कोणी नाही म्हणत नाही. एक कुत्रा आला. त्याला हाकललं. माकड आलं, ते जिलेबी घेऊन गेलं. कावळा कळसावरून उठला. आम्ही अजून एक पाऊल मागं सरकलो. तो आणखी लांबच्या कळसावर जाऊन बसला.

ऊन चढत गेलं. आत्या खाली बसली. तिचं रडणं बदललं होतं. आधी ती नाना गेले म्हणून रडत होती, आता नाना नीट गेले नाहीत म्हणून रडू लागली. दोन्हींत फरक असतो. दुसरं ऐकवत नाही. गुरुजींनी झोळीतून दर्भ काढला, मांडीवर ठेवला अन् बाबांकडं पाहिलं. बाबांनी मान खाली घातली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझा ऑटोवाला पुढं आला. तो गेला नव्हता. त्यानं नावाड्यांनाही सगळं सांगून ठेवलं होतं, अन् ते सगळे त्याच्या मागं आदबीनं उभे होते.

"पंडितजी," तो म्हणाला, "दादाजी की वो पहियेवाली चीज तो ऊपर गाड़ी में ही रखी है."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. काकांनी बाबांकडं पाहिलं. आत्यानं विचारलं, कोणती चीज? ऑटोवाल्यानं हातानं लांबी दाखवली, पाय पुढंमागं करून चालवून दाखवलं अन् म्हणाला की एवढ्या उमरमध्ये दादाजी रोज शामला चालवायचे. आत्या म्हणाली, आमच्या नानांना उठून बाथरूमला जाता येत नव्हतं. नावाडी एकमेकांना म्हणाले, तरीसुद्धा चालवायचे, देखो.

गुरुजींनाही ऊन लागत असेल. त्यांनी जास्त चौकशी नाही केली. म्हणाले, गेलेल्याच्या आवडीची वस्तू पिंडाजवळ ठेवतात, चूक काही नाही. जा रे, घेऊन ये.

मी पळत वर गेलो. घाटावर गाड्या उतरायला एक ढलान आहे, तिच्या माथ्यावर ऑटो उभा होता. टॉवेल सोडला, पाट हातात घेतला, अन् खाली पाहिलं. लांब खाली ओटा, पिंड, अन् चार माणसं इवलीशी. लांबच्या कळसावर एक काळा ठिपका.

आता विचार करा. आजोबांना पाट जवळ ठेवलेला पाहिजे होता का? नाही. चालवलेला पाहिजे होता. खांब इथं नव्हता, पण उतार होता, अन् पाहणारे आजोबा, आत्याच्या हिशोबानं, इथंच कुठं तरी होते. मी मनात म्हटलं, आजोबा, उद्या उद्या म्हणत होतो ना, चला, आज.

पाट ठेवला. अनवाणी पाय ठेवला, तर तो तव्यासारखा तापलेला. ढकललं. दुसरा पाय वर घेतला.

अन् भाऊ, आला. आयुष्यात पहिल्यांदा दुसरा पाय वर आला अन् मी पडलो नाही.

गुडघे वाकवले. वारा टकलाला लागू लागला. ओला पंचा मागं फडफडू लागला. नावाडी ओरडले, दादाजी का नाम लो. मी घेतलं. ते एकच चाक किरकिर करत होतं अन् ते ऐकून खालचे चौघं वळले. बाबांचं तोंड उघडं. मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं, की मी हे विसरलोच की आमच्या गल्लीचा उतार म्हणजे ताटाचा उतार, अन् हा घाटाचा. अन् ब्रेक नाही.

आधी काका बाजूला झाले. मग गुरुजी दर्भासकट बाजूला झाले. आत्या बसल्या जागेवरून सरकली. बाबा तिथंच उभे राहिले, दोन्ही हात पसरून. मी त्यांना चुकवायला वळलो. वळायचं मी शिकलोच नव्हतो. चाक सिमेंटच्या जोडातल्या फटीत गेलं, पाट थांबला, मी नाही थांबलो.

हवेत मला स्पष्ट दिसलं की मी कुठं पडणार आहे.

डोकंच आधी पोचलं. पिंडात. पूर्ण.

पत्रावळ फाटल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज नाही. मी पालथा, हात पसरलेले, कोपरं सोलून निघालेली, अन् नुकत्याच भादरलेल्या ओल्या टाळूवर दही-तुपाचा भात थापून बसलेला. मला वाटलं, आता उठलो तर बाबा मारतील, नाही उठलो तर आत्या मारेल. आजोबांचा पिंड मी मोडला होता. बाकी सगळं एकवेळ माफ झालं असतं. कोणत्या नातवानं असं केलं आहे आजवर? मी डोळे मिटले. डोळ्यांतही भात होता. मी फक्त एवढं पुटपुटलो, आजोबा, नाही जमलं.

तेवढ्यात डोक्यावर काही तरी बसलं.

हलकं होतं. नखं होती.

"हलू नको," गुरुजी एकदम हळू आवाजात म्हणाले. "मोनू, अजिबात हलू नको."

चोच मारली. भातात नाही, टाळूत. मी ओठ चावला. दुसरी मारली, तेव्हा भात उचलल्यासारखं वाटलं. मग त्याला चव लागली असावी. माझ्या डोक्यावर तो पंगतीला बसल्यासारखा जेवला. मला रडू येऊन राहिलं होतं अन् रडता येत नव्हतं, कारण रडलं की खांदे हलतात. एका डोळ्याच्या फटीतून मला माझं खानदान दिसलं. बाबा, काका, आत्या, मागं ऑटोवाला, त्याच्या मागं सगळे नावाडी. सगळे हात जोडून, डोळे भरून, माझ्या टकलाला नमस्कार करत होते.

कावळा उडाला. गुरुजींनी दर्भ झोळीत परत टाकला अन् म्हणाले, "शिवला."

पिंड पत्रावळीवर नव्हता, त्याचं काय, असं आत्यानं विचारलं. गुरुजी म्हणाले की पिंड नातवाच्या मस्तकी होता, याच्याहून पवित्र जागा कोणती? माझ्या मस्तकाबद्दल असं आजवर कोणी बोललं नव्हतं. आत्यानं माझा भातानं माखलेला गाल दोन्ही हातांत धरला अन् जोरजोरानं रडली. पण ते पहिलं रडणं होतं, आधीचं. ते चांगलं होतं.

घरी जाताना माझ्या अंगाला दह्याचा वास येत होता म्हणून टॅक्सीत मला कोणी घेतलं नाही. बाबा मात्र माझ्याबरोबर ऑटोत बसले. स्केटबोर्ड आमच्या दोघांच्या मधात. ऑटोवाल्यानं भाड्याचं नावही काढलं नाही, तो नुसता आरशात पाहून मान हलवत होता.

ऑटो निघाला. मी वाट पाहत होतो, केव्हा पडते थापड. मग त्यांनी विचारलं, "कशाला आणलास हा?"

आता खोटं बोलायची ताकद नव्हती. मी सगळं सांगितलं. खांब, शर्त, उद्या नक्की. म्हटलं, त्यांचं मन त्यातच अटकलं होतं, मी न पडता खांबापर्यंत गेलेलं पाहायचं राहिलं होतं.

बाबा बाहेर पाहत होते. त्यांच्या टकलावर झाडांच्या सावल्या सरकून राहिल्या होत्या.

"रोज जेवताना नाना मला सांगायचे, आज पोट्टा कसा पडला ते," बाबा म्हणाले. "ताटावरून हात उचलून, करून दाखवायचे. घास ठसकायचा त्यांना. आमचं दोघांचं दुसरं काही बोलणंच नव्हतं रे, तेवढंच होतं."

मी स्केटबोर्डचं किरकिरणारं चाक बोटानं फिरवत बसलो.

"अन् तू पाणी प्यायला आत जायचास ना, तेव्हा ते काठीनं एक खडा तुझ्या रस्त्यात सरकवून ठेवायचे. मला म्हणाले होते, याला लवकर शिकू द्यायचं नाही."

मी ऑटोत उभाच राहिलो, डोकं वर आपटलं. अख्ख्या मोहल्ल्याला मी बनवतो, अन् तो म्हातारा खुर्चीवर बसून, चहा पीत, रोज मला बनवून राहिला होता? अन् मी त्यांच्यासाठी रात्ररात्र जागून रडलो?

"म्हणजे बाबा," मी म्हटलं, "मला येत होतं. खड्यामुळं पडत होतो. नाहीतर मला येत होतं."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्या कानामागं चिकटलेलं एक शीत काढलं अन् बाहेर टाकलं.

"नाही रे," ते म्हणाले. "खडा ते मधूनमधून ठेवायचे. बाकीच्या दिवशी तू तुझा तुझाच पडायचास."